माहीमचं घर, तिसरा मजला आणि गिऱ्हाईकाचं आडनाव

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, माहीमला आमचं दोन खोल्या-किचनचं घर आहे, 480 फूट कार्पेट, सोसायटीची जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांनी 1971 ला घेतलं. ते 2019 मध्ये गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं, शेअर सर्टिफिकेट अजून त्यांच्याच नावावर आहे आणि नॉमिनी म्हणून भावाचं नाव आहे. भाऊ डॅलसला, मी बदलापूरला. आई 76 वर्षांची, एकटी राहते, गुडघे गेलेत, दोन-दोन आठवडे खाली उतरत नाही. घर विकायचं ठरतंय. दोन गिऱ्हाइकं आहेत. एक आमच्याच मागच्या गल्लीतलं मुस्लिम कुटुंब, 2 कोटी 10 लाख देतायत, सगळे चेकने, काही लोन काढून. दुसरे 'आपल्यातले', 1 कोटी 95 लाख म्हणतात, त्यातले 60 रोख. सेक्रेटरी काका म्हणाले त्यांना दिलंत तर एनओसी विसरा, बिल्डिंगचं वातावरण बिघडेल. भाऊ म्हणतो कशाला कटकट, आपल्यातल्यांनाच देऊ, नाहीतर रिडेव्हलपमेंटपर्यंत थांबू, तसंही नॉमिनी मी आहे. आई म्हणते तुम्ही ठरवा. मी काय करू?"

ताई,

तुमचं पत्र चार पानी होतं, वर मी त्याचं लोणचं करून टाकलंय त्याबद्दल माफ करा. पण ती चार पानं मी दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले. सेक्रेटरी काकांवर दीड पान आहे, भावावर एक पान, गिऱ्हाइकांवर एक. आणि घर विकल्यावर आई कुठे राहणार यावर एक ओळ, "आईचं काय ते बघूच". तर मी तिथूनच सुरू करते, कारण तिसऱ्या मजल्यावर अडकलेली बाई ती आहे, आणि तुम्ही तिघं मिळून गिऱ्हाईकाच्या आडनावावर भांडताय.

आई "तुम्ही ठरवा" म्हणते याचा अर्थ तिला मत नाही असा नसतो हो. आपल्या आयांच्या पिढीत "तुम्ही ठरवा" म्हणजे बहुतेक वेळा "मला नीट कोणी विचारलंच नाही" असं असतं. घर विकायचं का हा प्रश्न तिला विचारूच नका, तो फार मोठा आहे, त्याचं उत्तर ती देणारच नाही. छोटे प्रश्न विचारा. सकाळी उठल्यावर कोणाचा आवाज आला की बरं वाटतं? औषधं कोण आणून देतं? रात्री काही झालं तर पहिला फोन कोणाला? तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात ते मी अधोरेखित केलंय: तळमजल्यावरच्या आंटी बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाऊन आल्या की वरती येऊन आईजवळ बसतात, मासेवाली पाटी घेऊन तीन मजले चढते कारण आई उतरू शकत नाही, आणि 26 जुलै 2005 ला बाबा घरी पोचले नव्हते तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या मेमन कुटुंबाचा मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून त्यांना शोधायला गेला होता. आता ही सगळी माणसं वजा करा आणि आईला तुमच्या बदलापूरच्या सातव्या मजल्यावर आणून ठेवा, लिफ्ट आहे, हवा छान आहे, आणि तुम्ही सकाळी 7.20 ची लोकल पकडून संध्याकाळी 8 ला घरी येताय. मी नको म्हणत नाहीये, पण हा हिशोब 2 कोटी 10 च्या हिशोबाच्या आधी करायचा असतो एवढंच.

माझं सरळ मत असं की घर विका, पण आईला माहीमच्या बाहेर काढू नका. किंवा फार तर माटुंगा-दादरपर्यंत. विक्रीच्या पैशात त्याच भागात लिफ्टवालं छोटं घर, वन आरके का असेना, किंवा तळमजल्याचं, मिळतं का ते आधी शोधा, नाहीच मिळालं तर चांगलं भाड्याचं बघा. अजून एक. नवीन घर हातात आल्याशिवाय जुन्याची किल्ली देऊ नका, करारातच ताबा द्यायला तीन-चार महिने मागून घ्या. लोनवालं गिऱ्हाईक असलं की तसेही दीड-दोन महिने बँकेत जातातच.

आता कागद. मी 22 वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी होम लोनच्या टेबलावर, त्यामुळे हे मला झोपेतही येतं.

भावाला सांगा नॉमिनी म्हणजे मालक नाही. हा गैरसमज महाराष्ट्रात घरटी एक आहे. नॉमिनी म्हणजे सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करायचा तो माणूस, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर तर सहकार कायद्यातच आलंय की वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. मृत्युपत्र नाही म्हणजे हिंदू वारसा कायद्याने आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा सारखा हिस्सा, एक तृतीयांश प्रत्येकी. मुलगी लग्न होऊन बदलापूरला गेली म्हणून तिचा हिस्सा बदलापूरला पोचेपर्यंत आटत नाही! तेव्हा "तसंही नॉमिनी मी आहे" हे वाक्य तुम्ही शांतपणे बाजूला ठेवा, भांडू नका, वकिलाची एक चिठ्ठी व्हॉट्सअपवर टाका, माणसं आपल्या बहिणीचं ऐकत नाहीत पण पीडीएफचं ऐकतात.

आणि शेअर सर्टिफिकेट अजून बाबांच्या नावावर आहे म्हणजे आज तुम्ही हे घर कोणालाच विकू शकत नाही, आपल्यातल्यांनाही नाही आणि त्यांच्यातल्यांनाही नाही. आधी ते आईच्या किंवा तिघांच्या नावावर व्हायला हवं. दोन रस्ते आहेत. एक, तिघंही वारस म्हणून नावावर लावून घ्या आणि तिघांनी मिळून विका. दुसरा, तुम्ही आणि भावाने मिळून आपापला हिस्सा आईच्या नावे सोडायचा, रजिस्टर्ड हक्कसोड पत्र करून. मला दुसरा आवडतो, का ते टॅक्समध्ये सांगते. पण एक अट: दोघांची सही एकाच कागदावर, एकाच दिवशी. हक्कसोड म्हटलं की आपल्याकडे सहीला बहिणीलाच बोलावतात, ओवाळणीचं ताट आणि स्टॅम्प पेपर एकाच टेबलावर असलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. वारसाचं घर मोबदला न घेता आईच्या नावे सोडलं तर स्टॅम्प ड्युटी अगदी किरकोळ लागते, वकिलाची फी त्याहून जास्त जाईल. आणि त्याच आठवड्यात आईचं मृत्युपत्र करून घ्या, पैसे आणि नवीन घर तिच्या मागे दोघांना कसे, ते तिच्या मनाने. बाबांनी जी चूक केली ती परत नको.

भाऊ येऊ शकत नसेल तर तिथे कुलमुखत्यारपत्र सही करून नोटरी-अपॉस्टिल किंवा भारतीय कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून पाठवू दे. ते कुरियरने आलं की तीन महिन्यांच्या आत इथे स्टॅम्प भरून घ्यायचं असतं, हे लोक विसरतात आणि मग धावतात. आणि ते मोघम नको, "या पत्त्याच्या घराचं हक्कसोड रजिस्टर करायला" एवढंच नेमकं लिहिलेलं असू दे.

टॅक्सचं म्हणाल तर, 1971 चं घर, त्यामुळे 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत धरता येते, त्यासाठी सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढा, त्यात कंजुषी करू नका. 23 जुलै 2024 नंतर नियम असा आहे की साडेबारा टक्के सरळ, किंवा, घर त्या तारखेच्या आधीचं असेल तर, महागाईची इंडेक्स लावून 20 टक्के, जे कमी पडेल ते. समजा 2001 ची किंमत 30 लाख निघाली. सरळ हिशोबाने नफा 1 कोटी 80 लाख आणि टॅक्स साडेबावीस लाख. इंडेक्सने, 2025-26 चा आकडा 376 धरला तर 30 चे 112.8 लाख होतात, नफा 97.2 लाख, 20 टक्क्यांनी साधारण साडेएकोणीस लाख. म्हणजे 3 लाखांचा फरक, आणि हे दुसरं दार फक्त भारतात राहणाऱ्यांना उघडं आहे, भावाला नाही. शिवाय तो विकणाऱ्यांत असला तर गिऱ्हाइकाला त्याच्या हिश्शावर नेहमीचा 1 टक्का नाही तर परदेशस्थांचा टीडीएस कापायला लागतो, साडेबारा टक्के आणि वर सरचार्ज-सेस, तोही विक्रीच्या रकमेवर, आधी इन्कम टॅक्सकडून कमी कपातीचं सर्टिफिकेट आणलं नसेल तर. लोनवालं गिऱ्हाईक हे ऐकून अर्ध्या वेळेला पळून जातं.

आता बघा, घर एकट्या आईच्या नावावर असेल तर सगळा नफा तिचा, आणि ती दोन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घेणार आहेच, तर नफ्यातला जेवढा पैसा त्या घरात गेला तेवढ्यावर टॅक्स नाही. उरलेल्यातले 50 लाखांपर्यंत सहा महिन्यांत कॅपिटल गेन बाँडमध्ये टाकता येतात, पाच वर्षं अडकतात, पण व्याज येतं, आईच्या औषधाला होईल. तिघांच्या नावावर विकलंत तर ही सवलत ज्याने घर घेतलं त्यालाच, त्याच्या हिश्शापुरतीच. म्हणून म्हटलं मला हक्कसोड आवडतं. अर्थात भावाला त्याचे 70 लाख आत्ताच हवे असतील तर हे जमणार नाही, आणि ते त्याने मागणं काही पाप नाही, तो हक्क आहे त्याचा. पण मग तसं स्पष्ट बोलू दे, रिडेव्हलपमेंट आणि नॉमिनीच्या आडून नको. सीएला एकदा बसून दोन्ही गणितं करायला लावा.

आता ते 60 लाख रोख. ताई, हे 1 कोटी 95 नाहीच आहेत. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, पकडलं तर दंड किती, तर घेतली तेवढीच रक्कम. वरून रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दराची, किंमत करारातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाली तर टॅक्स रेकनरच्या किमतीवरच बसतो. आणि आई त्या 60 लाखांचं करणार काय? दुसरं घर त्यातून घेता येत नाही, बाँड घेता येत नाहीत, एफडी करता येत नाही, डॅलसला पाठवता येत नाही. 76 वर्षांची एकटी बाई आणि कपाटात 60 लाख, हे मला चोराने वाचू नये म्हणून लिहितानाही भीती वाटतेय. सोज्वळपणे "आपल्यातले" म्हणणाऱ्या माणसाने हे सुचवलंय हे पण लक्षात घ्या, आपल्यातला असता तर आधी आईचा विचार केला असता ना.

म्हणजे पैशाने हा प्रश्न मिटलाय, 15 लाख जास्त, सगळे पांढरे, आणि शेजारचेच लोक. राहिलं वातावरण.

सेक्रेटरी काकांना मी हसणार नाही. माहीममध्ये डिसेंबर 92 आणि जानेवारी 93 ज्यांनी बघितलंय, 12 मार्चला कॉजवेजवळच्या मच्छीमार कॉलनीत बॉम्ब फेकले ते ज्यांनी ऐकलंय, 11 जुलै 2006 ला माहीम स्टेशनवरच्या लोकलमधला स्फोट ज्यांनी बघितलाय, त्यांच्या पोटात काहीतरी कायमचं गोठून राहिलंय, आणि ते सगळ्या बाजूंच्या पोटात आहे. त्या दंगलीनंतर कितीतरी कुटुंबं मुंबईतली राहती घरं विकून मुंब्र्याला गेली, ते पण भीतीनेच. पण तुम्ही लिहिलंय की काका माहीममध्ये जन्मले. मग त्यांना विचारा की दर्ग्यातल्या मखदूम बाबांच्या उरुसाला डिसेंबरमध्ये पहिला संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, मुंबई पोलिसांचा निघतो, तेव्हा ते बघायला लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून गेले नव्हते का. मोठ्या पाळण्यात बसले नव्हते का. एका रस्त्यावर शितळादेवी, थोडं पुढे दर्गा, त्याच्या पुढे बुधवारी वाहतूक ठप्प करणारं सेंट मायकल, आणि ज्या एल.जे. रोडवर हे सगळं आहे तो रस्ता लेडी जमशेटजी या पारशी बाईच्या नावाचा, जिने कॉजवेसाठी पैसे दिले म्हणून आपण आज चालत वांद्र्याला जातो. तेच तर माहीमचं वातावरण आहे, ते बिघडेल कसं? हां, तीन मजल्यांची एक बिल्डिंग तेवढी सगळ्यांपासून वाचवून ठेवायची असं म्हणणं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एक आपल्या घरातलं बोलू का. 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा द्यायला नकार दिला, महाराष्ट्रीयन चालत नाहीत म्हणून, तेव्हा आपण सगळे किती पेटलो होतो आठवतंय? व्हिडिओ मला एकाच दिवशी अकरा जणांनी पाठवला. मासे खाता म्हणून घर नाही हे आपण मुंबईत आपल्याच शहरात ऐकलंय. माझ्या मुलालाच अंधेरीत एका ब्रोकरने आडनाव विचारून फोन ठेवला होता. तेव्हा जे आपल्याला झोंबलं, तेच आपण आपल्या हाताने मागच्या गल्लीतल्या माणसाला करायचं, आणि वर 15 लाख सोडायचे? मला नाही जमणार. तुम्हालाही जमत नाहीये, नाहीतर तुम्ही चार पानं लिहिली नसती.

एनओसीचं कायद्याने असं आहे की आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट विकायला सोसायटीची एनओसी लागतच नाही, सभासदाने विकत असल्याची नोटीस द्यायची, बाकी रजिस्ट्रेशन झाल्यावर ट्रान्सफरचे कागद. गोची कुठे होते तर गिऱ्हाइकाची बँक एनओसी मागते, काकांची ताकद तेवढ्याच एका कागदात आहे आणि ते त्यांना माहितीये. पुरेसं कारण नसताना पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर उपनिबंधकाकडे अपील करता येतं, जी-उत्तर वॉर्डाचे जे असतील त्यांच्याकडे. एक खरं ते सांगून ठेवते, 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीची "फक्त पारशी" ही अट मान्य केली होती, पण ती त्यांच्या रजिस्टर्ड उपविधीतच होती. तुमच्या सोसायटीचे उपविधी मागून एकदा वाचा. आदर्श उपविधी असतील तर तसलं कलम नसणार, आणि कलम नसेल तर "वातावरण" हे काही कारण नाही.

पण कोर्ट-कचेरीच्या आधी हे करा. एनओसीचा अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोचपावतीचा शिक्का घ्या, आणि नम्रपणे म्हणा, काका नाही म्हणायचं असेल तर कारणासकट लेखी द्या, बँकेला दाखवायचंय. टेबलाच्या पलीकडे बसून मी हे शेकडो वेळा बघितलंय, तोंडी जे खणखणीत बोलतात ते लेटरहेडवर ती ओळ लिहायला कधीच तयार होत नाहीत. कमिटीत पाच-सात जण असतात, त्यातले दोघं-तिघं तरी असे निघतील ज्यांना उद्या स्वतःचं घर विकायचंय आणि ज्यांना चांगला भाव देणारं गिऱ्हाईक पळवून लावायची पद्धत पडायला नकोय, त्यांच्याशी बोला. ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिकेच्या हद्दीत जास्तीत जास्त 25 हजार, त्याच्या वर "बिल्डिंग फंडाला काहीतरी" असं सुचवलं तर ऐकू आलं नाही असं करा. आणि बाबांच्या नावावरून आईच्या नावावर करताना तर घरातल्या घरात असल्याने प्रीमियमच नाही.

त्या कुटुंबाला पण काकांचं प्रकरण आधीच सांगा, लपवू नका. बहुतेक त्यांना माहीत असेलच. त्यांना राहायला यायचंय, रोज जिन्यात तीच तोंडं बघायची आहेत, निर्णय त्यांचाही आहे.

रिडेव्हलपमेंटवर फार बोलत नाही. डेव्हलपर नेमला आहे का? नाही. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय का? तुम्ही लिहिलंय आठ वर्षं नुसती चर्चा चाललीये. ठराव, टेंडर, बहुमताची संमती, करार, परवानग्या, रिकामी करणं, मग बांधकाम. सगळं सुरळीत झालं तरी आईला एकदा सामान घेऊन भाड्याच्या घरात आणि पुन्हा सामान घेऊन परत, तेव्हा ती 82-83 ची असेल. ती 50 ची असती तर मीच म्हटलं असतं थांबा. भावाला नवीन घराचं फर्निचर मनात दिसतंय, तुम्हाला जिना दिसतोय, फरक एवढाच.

एक गोष्ट खाजगी. आमच्या गिरगावच्या दोन खोल्या आम्ही सोडल्या तेव्हा माझ्या सासूबाईंना विचारलं नव्हतं, म्हणजे विचारलं होतं, त्या म्हणाल्या होत्या तुम्ही ठरवा. ठाण्याला आल्यावर रोज दुपारी चारला त्या दार उघडून खुर्ची टाकून बसायच्या, समोरच्यांचं दार बंद, बाजूच्यांचं बंद, लिफ्ट वर-खाली जाताना बघत बसायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या वारा खातेय. अकराव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये कसला आलाय वारा.

तर येत्या आठवड्यात एक दिवस सुट्टी काढा आणि आईकडे जा. उपविधी, शेअर सर्टिफिकेट, 1971 चा करार, मेंटेनन्सच्या पावत्या एका फाइलीत घालून आणा, पण ते निघताना. आधी मासेवाली येईपर्यंत बसा, आंटींनाही वर बोलवा, आणि दोघींच्या देखत आईला विचारा की लिफ्टवालं छोटं घर याच गल्ल्यांमधे मिळालं तर चालेल का. बुधवारी मात्र जाऊ नका, आंटी दुपारपर्यंत चर्चमध्ये असतील आणि तुम्हाला स्टेशनवरून टॅक्सी मिळायची नाही.